घरकुलाच्या यादीतून सुटलेला माणूस आणि आपल्या संस्थांचे विश्वस्त

गावात दोन विषय निघाले की लोक हमखास बोलतात. एक पीक विमा आणि दुसरा घरकुल. विम्याचं निदान सगळ्यांना मिळून बोलता येतं, कारण पेरा सगळ्यांचाच असतो. घरकुलाचं तसं नाही. ज्याचं नाव यादीत आलं तो गप्प बसतो. ज्याचं आलं नाही तो पंचायत समितीच्या पायऱ्या चढतो. आणि यादी कधी झाली हेच ज्याला कळलं नाही, तो कुठंच दिसत नाही. हा लेख त्या तिसऱ्या माणसाविषयी आहे. त्याच्यासाठी बोलायची ज्यांची ऐपत आहे, पण जे अजून बोललेले नाहीत, त्या आपल्या भागातील संस्थांच्या विश्वस्तांविषयीही आहे.

घरकुलाची नोंदणी बारा महिने चालू असते असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली तेव्हा लाभार्थी घेतले ते २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातून. त्यात जे राहिले त्यांच्यासाठी २०१८ मध्ये 'आवास प्लस'ची नोंदणी सुरू झाली. त्यानंतर नवे सर्वेक्षण झाले ते २०२५ मध्ये. २०११, २०१८, २०२५. मधले अंतर दर वेळी सात वर्षांचे. वापसा चुकला तर शेतकरी म्हणतो, पुढच्या पावसाला बघू. इथं नाव सुटलं तर मागील अनुभवाप्रमाणे सात वर्षं थांबायचं. तेवढ्यात पहिलीतलं पोरगं आठवीत जातं आणि त्याचं सगळं शाळेचं वय पत्र्याखाली निघून जातं.

म्हणून हा प्रश्न 'शासन घरे देते की नाही' एवढाच नाही. घरे मोठ्या संख्येने मंजूर होत आहेत. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यातील कार्यक्रमात राज्यातील २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे देण्याची घोषणा झाली. योजना पुढे २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. प्रश्न असा आहे की यादी कशी होते, नियम कोणासाठी जुळतो, आणि ज्याच्यासाठी जुळत नाही त्याच्या वतीने नियम बदलून घ्यायला कोण उभे राहते.

बेघर म्हणजे नेमका कोण?

बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मुंबई-पुण्याचा फूटपाथ येतो. जनगणनेची व्याख्याही तशीच आहे. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, मोठ्या पाइपात, मंदिराच्या ओसरीत, रेल्वेच्या फलाटावर झोपणारी कुटुंबे जनगणना बेघर धरते. २०११ च्या मोजणीत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार बेघर माणसे आढळली. राज्यातील या संख्येपैकी जवळपास निम्मी माणसे ग्रामीण भागातील होती. म्हणजे हे दुखणे फक्त शहराचे नाही. आपलं मुदखेड तर रेल्वेचं जंक्शन आहे. फलाटावर अंग टाकलेला माणूस आपल्याला नवीन नाही.

पण खेड्यातला बेघर या व्याख्येत पूर्ण बसत नाही. गायरानाच्या कडेला चार पत्रे उभे करून राहणारे कुटुंब, भावाच्या पडवीत एक चूल मांडून बसलेली विधवा किंवा टाकून दिलेली बाई, गावाबाहेर पालात उतरलेले भटक्या समाजातील लोक, वीटभट्टीवर राहणारे मजूर, आणि दसरा-दिवाळीनंतर कोपीत जाणारा ऊसतोड कामगार. यांना कागदावर 'राहण्याचे ठिकाण' आहे, घर मात्र नाही. कंधार, लोहा, मुखेडकडून दरवर्षी किती टोळ्या कारखान्याला जातात हे वाचकांना सांगायला नको.

योजनेच्या नियमात बेघर कुटुंबाचा क्रम वरचा आहे. बेघर, भीक मागून जगणारे, वेठबिगारीतून मुक्त झालेले मजूर यांचा समावेश आपोआप करावा, असे त्यात म्हटले आहे. कागदावर ज्याचा नंबर पहिला, गावात त्याचा नंबर शेवटचा लागतो. याचं कारण साधं आहे. नोंदणीला आधार लागते, बँकेचे खाते लागते, जॉब कार्ड लागते, राहत्या ठिकाणाचा फोटो लागतो आणि बांधायला स्वतःची जागा लागते. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तोच तर खरा बेघर.

२०२५ च्या सर्वेक्षणात लोकांना स्वतःच्या मोबाईलवरून नोंदणी करण्याची सोय दिली होती. ज्याच्याकडे चांगला मोबाईल आणि शिकलेला मुलगा आहे त्याच्यासाठी ती सोय उत्तमच. पण हे काम जानेवारीपासून सुरू झाले, आणि जानेवारीत ऊसतोड कामगार फडात असतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेलाही तो गावात नसतो. यात कोणाचा हेतू वाईट होता असं नाही. वेळापत्रक ठरवताना कोपीतला माणूस कोणाच्या डोळ्यासमोर नव्हता, एवढंच. तो डोळ्यासमोर आणून देणं हेच धोरणाचं काम, आणि ते संस्थांनी करायला पाहिजे.

ब्लँकेट आणि नियम

आपल्या भागात संस्था थोड्या नाहीत. शिक्षण संस्था आहेत, देवस्थाने आहेत, सार्वजनिक वाचनालये आहेत, महिला मंडळे, युवक मंडळे, धर्मादाय दवाखाने आहेत. प्रत्येकाला विश्वस्त मंडळ किंवा कार्यकारिणी असते. त्यावर कोण असतं? निवृत्त मुख्याध्यापक, डॉक्टर, वकील, आडत व्यापारी, निवृत्त तलाठी, एखादा बांधकाम खात्यातला अभियंता, बँकेचा माजी अधिकारी, कीर्तनकार महाराज. म्हणजे तालुक्यात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशीच माणसे. तहसील कार्यालयात मजूर गेला तर त्याला 'उद्या या' म्हणतात. हे गेले तर खुर्ची मिळते. ही गोष्ट चांगली नाही, पण खरी आहे. जोवर ती खरी आहे तोवर त्या खुर्चीचा उपयोग गरिबासाठी व्हायला पाहिजे.

या संस्था गरिबांसाठी काही करत नाहीत असं म्हणणं अन्यायाचं होईल. थंडीत ब्लँकेटवाटप होते, अन्नदान होते, वह्या-पुस्तके दिली जातात. हे चालूच राहावं. पण सोयाबीन चुनखडीच्या रानात पिवळं पडलं की आपण फेरस सल्फेटची फवारणी करतो. पीक काही दिवस हिरवं दिसतं. जमिनीतली चुनखडी आणि साचलेलं पाणी तसंच असतं, म्हणून पान पुन्हा पिवळं होतं. ब्लँकेट ही फवारणी आहे. ती वेळेला लागतेच. पण जमिनीकडे बघायचं काम कोणीतरी करायला पाहिजे. बेघरांच्या बाबतीत जमीन म्हणजे नियम, यादी आणि जागा.

विश्वस्त मंडळे याकडे का वळत नाहीत? चर्चेतून तीन-चार कारणे नेहमी ऐकू येतात. पहिले, 'आमचा विषय शिक्षणाचा, घरकुलाचा नाही.' दुसरे, 'यात पडलं की राजकारण होतं.' तिसरे, 'सरकारच्या विरोधात बोललं तर अनुदान अडकेल.' आणि चौथे कारण कोणी बोलून दाखवत नाही. बहुतेक मंडळांच्या सभा मागील इतिवृत्त कायम करणे, खर्चास मंजुरी देणे आणि चहा घेणे एवढ्यावर संपतात. संस्थेचं काम कार्यकर्ते करतात, विश्वस्त सही करतात. कोणी कधी त्यांना विषय समजावून सांगितलेला नसतो आणि काही मागितलेलंही नसतं. मागितल्याशिवाय माणूस पुढे येत नाही.

हे पूर्वी झालेले आहे

संस्थांनी मोजणी केली, मुद्दा बांधला आणि शासनाचे धोरण वळवले, अशी उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. पहिले मुंबईचे आहे. ते इथे देतो, कारण त्याचा एक धागा पुढे थेट आपल्या मराठवाड्यात येतो.

१९८५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात निकाल दिला. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने तो ओळखला जातो. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवता येतील, असेही सांगितले. त्या वेळी १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'स्पार्क' या संस्थेने भायखळा परिसरातील फूटपाथवरच्या कुटुंबांची स्वतः मोजणी केली. 'हे लोक कोण, कधी आले, काय कमावतात' हे कोणालाच माहीत नव्हते, ते कागदावर आले. फूटपाथवरच्या बायकांची 'महिला मिलन' संघटना उभी राहिली. दहा वर्षे पाठपुरावा झाला आणि १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या धोरणात फूटपाथवर राहणाऱ्यांनाही पात्र धरले गेले. आधी मोजणी, मग मागणी, मग धोरण. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

याच 'स्पार्क'मधून 'स्वयं शिक्षण प्रयोग' हे काम पुढे आले आणि ते लातूर-उस्मानाबादेत पोचले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार, त्याखाली सुमारे आठ हजार माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती. तिथे पैसे शासनाचे आणि काम घरमालकाचे, अशी पद्धत ठरली. घरमालक म्हणजे कागदावर पुरुष. संस्थेने मुद्दा मांडला की घरात जास्त वेळ राहते ती बाई, तिला विचारल्याशिवाय घर कसं बांधता? प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने हा आग्रह शासनाच्या पुनर्वसन कार्यक्रमापर्यंत गेला आणि गावोगावी महिलांमधून 'संवाद सहायक' नेमले गेले. त्यांनी मंजुरी, हप्ता, सिमेंट, भूकंपरोधक बांधणी हे सगळं गावात समजावून सांगितलं. पुढे याच महिलांच्या गटांतून मराठवाड्यात एक एकर शेतीचे काम उभे राहिले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार संस्थेला मिळाला. आमच्या कृषी विस्ताराच्या कामात या महिलांची नावे अजून निघतात.

तिसरे उदाहरण घराचे नाही, पण विश्वस्तांनी काय करावे हे त्यातून चांगले कळते. गोविंदभाई श्रॉफ हे सरस्वती भुवन शिक्षण संस्थेसारखी मोठी संस्था सांभाळत होते. 'आमचा विषय शिक्षणाचा' एवढ्यावर ते थांबले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण मराठवाडा जनता विकास परिषदेच्या माध्यमातून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी प्राध्यापक-वकिलांनी रेल्वे रुंदीकरण, सिंचन, अनुशेष हे विषय वर्षानुवर्षे लावून धरले. मनमाड-मुदखेड मार्ग ब्रॉडगेज व्हावा ही मागणी आपल्या भागातील जुन्या लोकांना चांगली आठवते. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले त्यामागेही हाच रेटा होता. त्या मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, ही गोष्टही तेवढीच लक्षात ठेवावी. मिळालेलं टिकवायलाही मागं लागावं लागतं.

राजकारण होते का? कायदा काय म्हणतो

विश्वस्तांची सर्वांत मोठी भीती इथेच आहे, म्हणून हे सविस्तर पाहू.

आपल्याकडील बहुतेक संस्था १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदलेल्या असतात. दुसऱ्या कायद्याच्या कलम ९ मध्ये धर्मादाय हेतू दिले आहेत. त्यात पहिलाच हेतू गरिबी किंवा आपत्ती यांचे निवारण हा आहे. निराधाराला घर मिळावे म्हणून अर्ज करणे, नियमात दुरुस्ती सुचवणे, ग्रामसभेत किंवा जिल्हा परिषदेत निवेदन देणे हे त्या हेतूला धरूनच आहे. संस्थेच्या घटनेतील उद्देश एकदा काढून वाचावेत. त्यात 'सामाजिक कार्य' किंवा 'दुर्बल घटकांचे कल्याण' असे शब्द असतील तर अडचण नाही. नसतील तर वकील विश्वस्ताला विचारून पुढे जावे.

६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विदेशी देणग्यांच्या कायद्याबाबत एका संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला. पक्षीय राजकारणाचा हेतू नसताना लोकांच्या प्रश्नासाठी सनदशीर मार्गाने आवाज उठवला, तर तेवढ्यावरून त्या संस्थेला राजकीय स्वरूपाची ठरवता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. तेव्हा रेषा स्पष्ट आहे. एखाद्या पक्षाचा किंवा उमेदवाराचा प्रचार संस्थेने करू नये, संस्थेचा पैसा, गाडी, इमारत त्यासाठी वापरू नये. गरिबाच्या छपराचा नियम बदला म्हणणे हा प्रचार नाही. सगळ्या पक्षांच्या लोकांना एकच निवेदन द्यावे, म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. जो विश्वस्त स्वतः ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, किंवा घरकुलाचे साहित्य पुरवतो, किंवा ज्याच्या भावकीतले नाव यादीत आहे, त्याने त्या गावाच्या विषयात बोलू नये, दुसऱ्याला बोलू द्यावे. नाही तर चांगल्या कामाला गालबोट लागते.

मागायचे काय?

'गरिबांना घरे द्या' या मागणीला कोणी नाही म्हणत नाही, म्हणूनच तिचा उपयोग होत नाही. मागणी नेमकी पाहिजे. आपल्या भागापुरते तीन मुद्दे सुचवतो.

पहिला मुद्दा जागेचा. भूमिहीन कुटुंबाला घरकुलासाठी जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते. २०१५ साली ती ५० हजार रुपये होती, पुढे १ लाख केली. पण गावाजवळ जागा द्यायला कोणी तयार नसतो. तिथे गावठाण विस्ताराचा प्रस्ताव लागतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. शासकीय जागेवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची राहण्यासाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण शासनाने २०१८ मध्ये ग्रामीण भागासाठी आणले. गायरानाचा विषय जरा जास्त काळजीने हाताळावा लागतो, कारण २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग खटल्यातील निकालाने सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले आहे. मात्र शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, तर त्याला त्या निकालातही अपवाद आहे. गावातले कोणते कुटुंब कोणत्या नियमात बसते हे निवृत्त तलाठी असलेला विश्वस्त एका दिवसात सांगू शकतो. मजुराला ते सात वर्षांत कळत नाही.

दुसरा मुद्दा काळ्या मातीचा. यावर आपल्याकडं फारसं बोललं जात नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आपले पूर्वज गाव पांढरीत बसवत आणि शेती काळीत करत. त्याला कारण होते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. खोल काळ्या जमिनीत हा फरक तीन-साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवतो. तिच्यावर उथळ पायाचं घर उभं केलं की दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तिरपी चीर जाते. आता पांढरी भरून गेली. गरिबाला जागा मिळते ती गावाबाहेर, काळीत. तिथे पाया खोल घ्यावा लागतो, मुरूम भरावा लागतो, आणि मंजूर रकमेतला मोठा भाग जमिनीच्या खालीच जिरतो.

योजनेत मैदानी भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार असा दर २०१६ पासून आहे. २०२५ मध्ये राज्याने त्यात ५० हजारांची भर घातली. त्यातले १५ हजार छपरावरील सौर यंत्रणेसाठी आहेत. डोंगराचा विचार झाला, सूर्याचाही झाला. काळ्या मातीचा वेगळा विचार त्यात नाही. राज्य शासनाला भर घालता येते हे २०२५ मध्ये दिसलेच आहे. तेव्हा खोल काळ्या जमिनीवरील घरकुलासाठी पायाचा वाढीव खर्च द्यावा, ही मागणी मराठवाड्यातून जायला पाहिजे. अभियंता विश्वस्ताने २५ चौरस मीटरच्या घराचे दोन अंदाजपत्रक करावेत, एक मुरमाड जमिनीवरचे आणि एक काळ्या जमिनीवरचे. दोन्हींतला फरक हाच आपला आकडा. माती परीक्षणाचा कागद सोबत जोडावा.

तिसरा मुद्दा नोंदणीच्या वेळेचा. ऊसतोड मजूर परत येतो तो साधारण मार्च-एप्रिलनंतर. तेव्हा १ मेच्या ग्रामसभेत सुटलेल्या नावांची नोंद घेण्याची कायम सोय असावी आणि सात वर्षे वाट पाहायला लावू नये, अशी मागणी करता येते. २०२७ ची जनगणनाही येत आहे. कोपीत, पालात, फलाटावर राहणाऱ्यांची मोजणी नीट झाली तर पुढच्या सगळ्या योजनांना आधार मिळेल. त्या रात्री मोजणी करणाऱ्यांना सोबत करायला संस्थांनी स्वयंसेवक तयार ठेवावेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील गावांत रात्रीतून पाणी शिरले, हसनाळसारख्या गावात माणसे दगावली. तेथील पुनर्वसनाचा विषय त्याआधी कित्येक वर्षे चालूच होता. छपराचा प्रश्न लांबत गेला की त्याची किंमत केवढी होते, हे आपल्या जिल्ह्याने नुकतेच पाहिले आहे.

विश्वस्तांना कामाला कसे लावावे

कार्यकर्त्यांनी विश्वस्तांपुढे भाषण करून उपयोग नाही. पुढील पद्धत सोपी आहे.

१. एक संध्याकाळ वस्तीवर. मजूर कामावरून परत आल्यावर, म्हणजे सातच्या पुढे, दोन-तीन विश्वस्तांना वस्तीवर न्यावे. हार-तुरे नकोत, फोटो नको, वाटप नको. बसावे आणि ऐकावे. अहवालाच्या दहा पानांनी जे होत नाही ते तिथे अर्ध्या तासात होते.

२. मोजणी आपली आपण करावी. वही घेऊन घर नसलेली कुटुंबे लिहावीत. जागा आहे का, कागद कोणते आहेत, यादीत नाव आहे का, नसेल तर कोणत्या कारणाने. ग्रामपंचायतीतील यादीशी ताडून पाहावे. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांना सोबत घ्यावे. त्यांना शत्रू समजू नये. अनेकदा त्यांनाही हाच कागद वर पाठवायला हवा असतो.

३. एका पानाचे टिपण. एक प्रश्न, एक आकडा, एक नियम, एक मागणी. याहून जास्त लिहिले तर कोणी वाचत नाही.

४. मंडळाचा ठराव. तोंडी पाठिंब्याला अर्थ नाही. सभेच्या विषयपत्रिकेवर विषय घ्यावा, ठराव करावा, सूचक-अनुमोदकांची नावे लिहावीत. ठराव झाला की निवेदन संस्थेचे होते, एकट्या कार्यकर्त्याचे राहत नाही.

५. ओळखीप्रमाणे वाटणी. वकिलाने अपील पाहावे, निवृत्त तलाठ्याने सात-बारा आणि गावठाण, अभियंत्याने अंदाजपत्रक, बँकेतल्या माणसाने बंद पडलेली खाती. ज्याची आमदार-खासदारांशी ओळख आहे त्याने निवेदन द्यावे. ज्याला बोलायला संकोच वाटतो त्याने जावक क्रमांक टाकून कागद सांभाळावेत. तेही काम मोठे आहे.

६. ज्याचा प्रश्न त्याला पुढे करावे. साहेबांच्या दालनात विश्वस्ताने ओळख करून द्यावी आणि बोलू द्यावे त्या बाईलाच. तिचं बोलणं अडखळत झालं तरी चालेल.

७. दर सभेत आढावा. 'घरकुल पाठपुरावा' हा विषय वर्षभर विषयपत्रिकेवर ठेवावा. कोणते पत्र गेले, उत्तर काय आले, पुढे काय करायचे. सहा महिन्यांत काही हलले नाही तरी विषय काढू नये.

शासनाच्या व्यवस्थेतही संस्थांसाठी जागा ठेवलेल्या आहेत, त्या रिकाम्या जाऊ देऊ नयेत. यादीवरील तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर अपील समिती असते आणि तिच्यात किमान एक अशासकीय सदस्य असावा असे योजनेच्या चौकटीतच लिहिले आहे. खासदारांच्या अध्यक्षतेखालील 'दिशा' समितीतही स्वयंसेवी संस्थेच्या प्रतिनिधीला स्थान आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत घरकुलाचे सामाजिक अंकेक्षण वर्षातून एकदा व्हावे असा नियम आहे. आणि सगळ्यांत जवळची जागा म्हणजे ग्रामसभा. तिची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी ती. शंभर माणसे जमवणे संस्थेला अवघड नाही. गॅदरिंगला आपण पाचशे जमवतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. संस्थेचे लोक यादी मागायला आले तर ते चौकशी लावायला आले असे समजू नका. सुटलेल्या नावांची तयार वही तुमच्या हातात आली तर तुमचेच काम हलके होते. वर प्रस्ताव पाठवताना संस्थेचा ठराव सोबत जोडला तर त्याचे वजनही वाढते.

शेतकरी बंधूंनाही हा विषय परका नाही. फुलं तोडायला, सोयाबीन काढायला, कापूस वेचायला जी माणसं आपल्या रानात येतात, त्यांतल्या कितीजणांच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे हे आपल्यालाच ठाऊक असतं. आपल्यापैकी कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या संस्थेचे सभासद आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशेब मंजूर करताना अध्यक्षांच्या परवानगीने एवढं विचारावं, की आपल्या गावात यादीतून सुटलेली कुटुंबं किती आणि त्यांच्यासाठी आपल्या मंडळानं कोणता कागद कुठं दिला. पहिल्या वर्षी उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या वर्षी कोणीतरी वही घेऊन तयार बसलेला असेल. २०२५ च्या सर्वेक्षणाला सात वर्षं होतील ती २०३२ साली, आणि तोपर्यंत गप्प बसून राहणं कोणालाच परवडणारं नाही.